मधले पद

खानापूर, मंगळवार रात्र

पुतणी कन्नड माध्यमात दहावीला आहे आणि मी मराठी शाळेत शिकलेलो, त्यामुळे तिच्यासोबत गणित घेऊन बसलो की पहिली दहा मिनिटे शब्दांच्या देवघेवीतच जातात. आमचा काटकोन त्रिकोण तिच्याकडे लंबकोन त्रिभुज होतो आणि आमच्या कर्णाला ती विकर्ण म्हणते. कर्ण हा शब्द तिच्याकडेही आहे, पण तो चौकोनाचा, म्हणून आज मी ‘कर्ण काढ’ म्हणताच तिने विचारले, “काका, ह्यात कर्ण कुठं आला?”

दिवसभर पाऊस लागून राहिला होता आणि परसातला बांबू पार वाकला होता. त्यावरून मी तिला भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तले (इ. स. ११५०) उदाहरण घातले: ३२ हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडून त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला, तर तो किती उंचीवर मोडला? ती उंची क्ष धरली की मोडून पडलेला भाग ३२ − क्ष, आणि तोच कर्ण. क्ष² + १६² = (३२ − क्ष)² हे समीकरण मी ऐटीत मांडले आणि उजवीकडे १०२४ + क्ष² लिहून मोकळा झालो. दोन्हीकडचे क्ष² गेले आणि उरले २५६ = १०२४. शाळेत ज्या चुकीपायी हातावर पट्टी खाल्ली होती, तिथेच मी पन्नाशीत पुन्हा घसरलो.

(अ − ब)² = अ² − २अब + ब² हे सूत्र पुन्हा घोकण्यात अर्थ नव्हता. चौकटीच्या वहीत १० घरे बाजूचा चौरस काढून उजवीकडची आणि खालची अशा ३-३ घरे रुंदीच्या दोन पट्ट्या पेन्सिलीने रंगवल्या. प्रत्येक पट्टीची ३० घरे धरून १०० मधून ६० वजा केली तर ४० उरायला हवीत, पण कोरी घरे मोजली तर ४९ भरली. कोपऱ्यातली ९ घरे दोनदा वजा झाली आहेत, हे तिनेच बोट ठेवून दाखवले. मी विसरलेले मधले पद, म्हणजे − २अब, म्हणजे त्या दोन पट्ट्याच होत्या. ते घातल्यावर १०२४ − ६४क्ष = २५६, म्हणून क्ष = १२ आणि कर्ण २०; १४४ + २५६ = ४०० हा पडताळाही जुळला.

हात म्हणजे किती, असे विचारून तिने कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत फूटपट्टी लावली. तिचा सोळा इंच भरला, माझा अठरा.

“म्हणजे कुणाच्याही हातानं मोजला तरी बाराच,” ती म्हणाली आणि माझे चुकलेले पान न खोडता तिने पुढचे पान उलटले.