हातात चोवीस कामं होती तेव्हा

वडील जळगावच्या खानदेश मिलमध्ये लूमचे फिटर होते. मिल बंद पडली आणि त्यांनी एक वेल्डिंग मशीन, एक जुनं लेथ घेऊन शेड टाकलं. आज अजिंठा रोडवरच्या एमआयडीसीत आम्ही बारा जण आहोत. दालमिलला लागणारे, माल वर चढवणारे बकेट एलिव्हेटर, चाळण्या, माल ओतायचे हॉपर, धूळ वेगळी करणारे सायक्लोन बनवतो. जळगावात दालमिल भरपूर, त्यामुळे कामाची वाण कधी पडली नाही. काम वेळेवर जात नव्हतं, हे आमचं दुखणं होतं.

2017 ची गोष्ट. नवा उडीद-मूग बाजारात यायच्या आत प्रत्येक मिलवाल्याला मशीन उभं हवं असतं. पारोळ्याकडचे एक गिऱ्हाईक, वडिलांच्या वेळेपासूनचे, तिसऱ्यांदा चक्कर मारायला आले. अर्धवट एलिव्हेटरवर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, मन्हं काम कव्हय व्हई?" भांडले असते तर मी काहीतरी बोललो असतो. ते नुसते उभे राहिले. मला तोंड वर करवेना.

त्या रात्री वही घेऊन मोजलं. चोवीस कामं सुरू होती. अॅडव्हान्स आला की त्याच दिवशी पत्रा कापायचा, म्हणजे पार्टीला काम लागलेलं दिसतं, ही आमची जुनी पद्धत. आठवड्याला पूर्ण व्हायची मात्र चारच. चोवीस भागिले चार, सहा आठवडे. आणि मी प्रत्येकाला पंधरा दिवस सांगत होतो. माणसं आळशी नव्हती, रात्री नऊपर्यंत राबत होती. मीच त्यांना एका कामावरून उठवून दुसऱ्यावर बसवत होतो. जॉन लिटल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी हाच हिशेब 1961 मध्ये गणिताने सिद्ध केलाय, हे पुढे कळलं.

कानबान हा शब्द भाच्याकडून ऐकला. तो पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यांच्याकडे सगळं काम कानबान बोर्डावर चालतं, म्हणजे कुठलं काम कुठवर आलंय ते दाखवणाऱ्या फळ्यावर. जपानी भाषेत कानबान म्हणजे पाटी. टोयोटाच्या ताइची ओनोंना ही कल्पना अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून सुचली: फळीवरचा माल उचलला गेला की तेवढाच परत भरायचा. कारखान्यात त्याचा अर्थ असा, की पुढच्याने मागितल्याशिवाय मागच्याने बनवायचं नाही.

वडील तेव्हा रोज शेडवर येऊन बसायचे. भाच्याने त्यांना सांगितलं, की टोयोटाचं मूळ लूमच्या धंद्यात आहे आणि साकिची टोयोडांचं लूम धागा तुटला की आपोआप थांबायचं. वडील लगेच सरसावून बसले. म्हणाले, तुटक्या धाग्यावर लूम चालू ठेवलं तर खराब कापडच निघतं. त्या दिवसापासून बोर्डाला त्यांचा पाठिंबा मिळाला, आणि तो मिळाला नसता तर जुन्या कारागिरांनी माझं ऐकलं नसतं.

बोर्ड आम्हीच केला. आठ बाय चारचा पत्रा, त्यावर पांढरा रंग, उभे रकाने: आलेलं काम, ड्रॉइंग, कटिंग, वेल्डिंग, फिटिंग, रंग, रवाना. प्रत्येक कामाचं एक कार्ड, मॅग्नेटने चिकटवलेलं. कार्डावर पार्टीचं गाव, माप आणि शब्द दिलेली तारीख. मधे एकदा मोबाइलवरच्या अॅपमध्ये हेच करून पाहिलं. ग्रीसने भरलेल्या हाताने कोण मोबाइल उघडणार? पत्रा मात्र येता-जाता सगळ्यांना दिसतो.

रकाने आखणं एका दुपारचं काम. खरी कसोटी रकान्याच्या डोक्यावर लिहिलेल्या आकड्याची. वेल्डिंगवर 3 लिहिलं: तीनच कामं, चौथं घ्यायचं नाही. पहिल्याच आठवड्यात कटिंगवाला हात बांधून उभा राहिला, कारण वेल्डिंगला जागा नव्हती. मजुरी चालू आणि माणूस रिकामा, हे मला पाहवेना. मी चौथं कार्ड सरकवायला गेलो, तर आमच्या आप्पा वेल्डरने माझा हात धरला. "शेठ, त्याला माझ्याकडं पाठवा, टॅकिंग करायला." म्हणजे पूर्ण वेल्डिंगआधी तुकडे ठिकठिकाणी टाके मारून जागेवर धरायचे. तेव्हापासून हीच रीत आहे. पुढे अडलं की मागच्याने पुढच्याला हात द्यायचा, नवा पत्रा कापायचा नाही.

आणखी एक गोष्ट बोर्डाने दाखवली. पावसाळ्यात रंगाच्या रकान्यात कार्डं साचत. मे महिन्यात आमच्याकडे ऊन असं, की रेड ऑक्साइड मारता मारता सुकतं. ऑगस्टमध्ये मात्र उघड्या अंगणात तयार मशीन चार-चार दिवस ओली उभी. वर्षानुवर्षं आम्ही उशिराचा ठपका वेल्डिंगवर ठेवत होतो. नवीन वेल्डिंग मशीनसाठी पैसे बाजूला काढले होते, त्यातून अंगणावर पत्र्याचं छप्पर टाकलं आणि दोन मोठे पंखे बसवले. ऑगस्टची कोंडी फुटली.

आज हातात एका वेळी दहा-अकरा कामं असतात आणि आठवड्याला पाच बाहेर जातात. नवीन पार्टीला मी आधी बोर्डासमोर उभं करतो. तुमचं कार्ड इथे, पुढे इतकी आहेत, पत्रा अमुक दिवशी कापू. काही जण उठून दुसरीकडे गेले, आणि सुरुवातीला त्या रात्री मला झोप लागली नाही. पारोळ्याचे काका मात्र टिकले. आता चक्कर मारत नाहीत, फोनवर विचारतात, "कार्ड कोठे शे?"

एक पेच अजून सुटलेला नाही. सीझनमध्ये एखाद्या मिलचा एलिव्हेटर अचानक तुटतो, माल अडकतो, मालक रात्री दारात येतो. त्यासाठी लाल कार्ड ठेवलंय, ते सगळ्यांच्या पुढे जातं, पण एका वेळी एकच. परवा दोन मिल एकाच दिवशी बंद पडल्या. पहिलं लाल कार्ड फिटिंगमध्ये होतं. दुसऱ्या मालकाला मी चहा पाजला, बोर्ड दाखवला आणि म्हणालो, उद्या दुपारी तीनला तुमच्याकडे माणूस निघेल. ते अर्धा तास पत्र्याकडे बघत बसले होते. दुसऱ्या दिवशी पावणेतीनला आप्पा गॅसकटर घेऊन टेम्पोत बसले.