घेटुळीच्या मुळापासून अर्कापर्यंत: आमची वाटचाल

आमच्या युनिटची सुरुवात काढ्याच्या भरडीपासून झाली. अर्काकडे वळलो ते औषधनिर्माण महाविद्यालयांच्या मागणीमुळे. जेंटामायसिन (प्रतिजैविक) किंवा सिस्प्लॅटिन (कॅन्सरच्या केमोतलं औषध) दिलेल्या पांढऱ्या उंदरांची मूत्रपिंडं पुनर्नवेने, म्हणजे आपल्या घेटुळीने, किती वाचतात हे त्यांना तपासायचं होतं. ही दोन्ही औषधं मूत्रपिंडातल्या नलिकांच्या पेशींत साठतात, पेशी मरतात आणि एरवी मूत्रपिंड बाहेर टाकतं ते क्रिएटिनिन रक्तात चढतं.

अशा प्रयोगाला जाणाऱ्या अर्कातच शिसं, कॅडमियम किंवा बुरशीचं ऑक्रॅटॉक्सिन असेल तर सगळंच फुकट. तिन्ही मूत्रपिंडालाच घातक. म्हणून आमचा सर्वांत जास्त वेळ मुळांवर जातो.

बाजारात पुनर्नवा म्हणून ट्रायन्थिमा ही दुसरीच वनस्पतीही सर्रास येते. वाळलेल्या तुकड्यांवरून फरक ओळखणं अवघड, म्हणून प्रत्येक खेपेबरोबर पाचसहा झाडं पाल्याफळांसकट मागवतो. घेटुळीचं फळ जेमतेम तीन मिलिमीटरचं, पाच कंगोऱ्यांचं आणि चिकट. बोटाला लावलं की सुटत नाही. ट्रायन्थिमाचं फळ झाकण उघडल्यासारखं फुटतं, आत काळं बी. शंका राहिलीच तर घेटुळीतला बोएराविनोन-बी हा घटक प्रमाण ठेवून एचपीटीएलसी, म्हणजे घटक पातळ थरावर वेगळे करून ओळखायची चाचणी, करतो.

मुळं पावसाळ्यानंतर काढलेली घेतो. माती भेगांत अडकते, म्हणून आधी उभी चिरून दोन पाण्यांत धुतो. न चिरता धुतली की आम्लात न विरघळणारी राख, म्हणजे माती-वाळूची खूण, वाढते. ड्रायरमध्ये 50 अंशांवर, पातळ थरात. थर जाड झाला तर बाहेरून कडक आणि आतून ओली राहतात, बुरशी तिथेच धरते.

भरड 10 किलो, 70 टक्के अल्कोहोल 80 लिटर, 55 अंशांवर चार तास. चोथ्यावर हेच आणखी दोनदा, कमी द्रावकात. पीठ बारीक केलं तर गाळणी तुंबते. अर्क निर्वातात आटवून स्प्रे ड्रायरला देतो. या मुळात पोटॅशियमचे क्षार भरपूर, त्यामुळे पावडर ओल ओढते आणि भिंतीला चिकटते. त्यासाठी 20 टक्के माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड) घालावं लागतं, आणि ते लेबलवर लिहावंच लागतं: 500 मिलिग्रॅम पावडरीत अर्क 400 मिलिग्रॅमच. हे न कळता दिलेली मात्रा चुकते.

प्रत्येक बॅचला शिसं 10, कॅडमियम 0.3, आर्सेनिक 3 आणि पारा 1 पीपीएमच्या (दहा लाख भागांत इतके भाग) आत हवं. एकही आकडा वर गेला तर ती बॅच बाहेर जात नाही.

‘किडनी वाचवणारा अर्क’ असं आम्ही छापत नाही. प्रयोगात उंदरांना अर्क बहुधा त्या घातक औषधाच्या आधीपासून दिलेला असतो. केमो चालू असलेल्या माणसाने तो आपल्या मनाने घेणं ही निराळी गोष्ट आहे. ज्यांची मूत्रपिंडं आधीच थकली आहेत त्यांना तर यातलं पोटॅशियमच धोक्याचं. म्हणून त्याचं प्रमाण आम्ही प्रत्येक बॅचच्या दाखल्यावर देतो.