शोकेसमधल्या गाड्या आणि खिडकीतून येणारं ऊन

परवा शोकेस पुसायला काढली, धातूच्या सगळ्या छोट्या मॉडेल गाड्या एकेक करून टेबलावर मांडल्या आणि मग दिसलं की माझी सगळ्यात लाडकी लाल गाडी डाव्या बाजूने लाल आहे आणि उजव्या बाजूने... काय म्हणू, शंभर वेळा धुतलेल्या टी-शर्टसारखी. चार वर्षं ती एकाच जागी उजवी बाजू खिडकीकडे करून उभी होती आणि मी रोज येता-जाता डावी बाजू बघून खूश होत होतो.

लोक विचारतात कलेक्शन किती झालं, आकडा सांगायला मजा येते हे खरंय, पण गाड्या जमवणं फारच सोपं आहे हो. त्या मांडून ठेवायच्या आणि तरी टिकवायच्या, ह्यात खरी दमछाक होते. कारण डबीतून बाहेर काढली की ऊन, धूळ, दमट हवा सगळे तिच्या मागे लागतात.

उन्हाचं म्हणाल तर गाडीवर थेट ऊन पडायलाच पाहिजे असं काही नाही. साध्या काचेतूनही अतिनील किरण बऱ्यापैकी आत येतात आणि रंग हळूहळू उडत जातो, त्यात लाल बहुतेक वेळा सगळ्यात आधी मान टाकतो. पांढरं प्लॅस्टिक आणि पारदर्शक काचा पिवळ्या पडतात ते वेगळंच. आता मी शोकेस खिडकी ज्या भिंतीला आहे त्याच भिंतीला लावलीय, म्हणजे प्रकाश तिच्या अंगावर न पडता समोरच्या भिंतीवर जातो. इतकं साधं होतं, पण सुचायला एक गाडी घालवावी लागली. आत एलईडीची पट्टी आहे, तिच्यात अतिनील जवळजवळ नसतंच, फक्त अॅडॉप्टर शोकेसच्या बाहेर ठेवा, बंद पेटीत उष्णता साठते. आणि पट्टी पुढच्या कडेला लावा. मी आधी मागे लावली होती, गाड्यांऐवजी गाड्यांच्या सावल्यांचं प्रदर्शन झालं होतं.

दुसरा शत्रू तर गाडीच्या पायातच असतो. टायर! मऊ टायरचं प्लॅस्टिक लवचिक राहावं म्हणून त्यात जे द्रव्य घालतात ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येतं आणि खालचा स्टँड जर पॉलिस्टायरीनसारख्या प्लॅस्टिकचा असेल तर त्याला अक्षरशः वितळवतं. परवा एक पिवळी गाडी उचलायला गेलो तर स्टँडसकट वर आली. उपाय एकच, चेसिसखाली छोटा ठोकळा देऊन चाकं अधांतरी ठेवायची. जड गाडी असेल तर टायर चपटेही होत नाहीत. कंपन्या मोठ्या मॉडेलना खालून स्क्रूने आवळून पाठवतात ना, ते फक्त वाहतुकीसाठी असतं, वर्षानुवर्षं तसंच आवळून ठेवू नका.

आता थोडं धातूविषयी, कारण कोणी ना कोणी विचारतंच की ही लोखंडाची आहे का. नाही. वितळलेला धातू दाबाने स्टीलच्या साच्यात भरतात म्हणून ह्या गाड्यांना डायकास्ट म्हणतात, आणि तो धातू असतो झामॅक, म्हणजे मुख्यतः जस्त, साधारण ४ टक्के अॅल्युमिनियम आणि चिमूटभर इतर. लोहचुंबक लावून बघा, बॉडीला चिकटणार नाही, फार तर अॅक्सलला चिकटेल. ह्या मिश्रधातूत शिशाची भेसळ झाली की गाडी आतून कुजते, तडे जातात, फुगते आणि शेवटी हातात भुगा येतो. झिंक पेस्ट म्हणतात त्याला, इंग्रजी pest, म्हणजे जस्ताला लागलेली कीड. डिंकी ह्या ब्रिटिश ब्रँडच्या, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या गाड्यांना हा रोग खूप लागलाय आणि एकदा लागला की औषध नाही, दमट हवेत तर अजून जोरात पसरतो. म्हणून जुनी गाडी घेताना आधी ती पालथी करून अॅक्सलच्या आजूबाजूला बारीक भेगा आहेत का बघतो, रंग नंतर.

धुळीसाठी मेकअपचा मऊ ब्रश, बास. सॅनिटायझर, स्पिरिट वगैरे अजिबात नको, गाडीवरचे पट्टे आणि नंबर हे टॅम्पोने, म्हणजे मऊ पॅडच्या शिक्क्याने, छापलेले असतात, मी एकदा डाग काढायला गेलो आणि डागाबरोबर रेसिंग नंबरही गेला. (ब्रश बायकोचा होता. तो विषय इथे नको.)

मांडणीवर मात्र माझी ठाम मतं आहेत. वेगवेगळ्या स्केलच्या गाड्या एका फळीवर ठेवू नयेत. साडेचार मीटरची खरी गाडी १:६४ मध्ये, म्हणजे ६४ पट लहान केली की, जेमतेम ७ सेंटीमीटर होते, १:४३ मध्ये साडेदहा, आणि १:१८ मध्ये थेट २५, म्हणजे शेजारी ठेवली की छोटी बिचारी मोठीचं पिल्लू वाटते. हा १:४३ चा विचित्र आकडा आला कुठून तर ओ गेज ह्या मापाच्या खेळण्यातल्या रेल्वेतून, डिंकीच्या गाड्या सुरुवातीला हॉर्नबीच्या आगगाड्यांच्या स्टेशनाबाहेर उभ्या करायच्या म्हणूनच निघाल्या होत्या. उलट हॉट व्हील्स आणि जुन्या मॅचबॉक्समध्ये स्केलपेक्षा डबीचं माप मोठं, त्यामुळे ट्रक आणि छोटी हॅचबॅक एकाच लांबीचे निघतात! मॅचबॉक्सचा तर जन्मच तसा आहे, ती बनवणाऱ्या लेस्नी कंपनीतल्या जॅक ओडेलच्या मुलीच्या शाळेत आगपेटीत मावेल एवढंच खेळणं नेता यायचं म्हणून त्याने तिला छोटा रोडरोलर करून दिला आणि १९५३ मध्ये त्यातून ती मालिका सुरू झाली. मग मी काय करतो, ट्रक एका टोकाला, छोट्या गाड्या दुसऱ्या टोकाला, मध्ये दोन-चार स्पोर्ट्स कार, म्हणजे डोळ्याला तुलना करायची संधीच मिळत नाही.

आणि गर्दी करू नका. फळीवर २० मावत असतील तर १२ ठेवा, उरलेल्या डब्यात, सिलिका जेलची पुडी टाकून, आणि दर दोन-तीन महिन्यांनी अदलाबदल. नव्या गाड्या आल्यासारखं वाटतं, पैसे न घालवता.

गाडी ज्या कार्डाच्या पॅकिंगमध्ये येते ते कार्ड फोडायचं की नाही हा वाद मी घालत नाही, मी फोडतो. सुपर ट्रेझर हंट, म्हणजे हॉट व्हील्सची दुर्मिळ गाडी, मिळाली तर? तीही फोडीन. म्हणजे, अजून मिळालेली नाही, त्यामुळे बोलायला काय जातंय.

असो. पिवळी गाडी अजून स्टँडला चिकटलेलीच आहे, टायरखालून बारीक दोरा सरकवून सोडवू म्हणतोय, पण दुपारी, घरात कोणी नसताना. लाल गाडी परत फळीवर गेलीय, उजवी बाजू भिंतीकडे करून.