आमची वाइनची भिशी

कोथरूडमध्ये आमची आठजणींची भिशी गेली अकरा वर्षं चालू आहे. पैसे गोळा करायचे, चिठ्ठी काढायची, साबुदाणा वडे खायचे आणि साडेसातला आपापल्या घरी. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये एकीने नाशिकहून आणलेली बाटली पिशवीतून काढली आणि वड्यांची बशी सरकवून मधोमध ठेवली. क्षणभर कोणी काही बोललं नाही. मग आतून आवाज आला, "ग्लास आणते गं."

ग्लास कसले, स्टीलची फुलपात्रं होती. चव कशी होती म्हणाल, तर आठपैकी एकीलाही धड सांगता आलं नाही. "छान आहे." "आंबट आहे." "द्राक्षासारखी नाही बाई लागत." एवढंच. आमटीत चिमूटभर गूळ जास्त पडला तरी पहिल्या घासाला ओळखणाऱ्या बायका आम्ही, आणि इथे तीन वाक्यांत गाडी अडली. ते मला लागलं. म्हटलं, वर्षभर दर महिन्याला चाखायची, पण नीट.

नियम साधे ठेवले. बाटली हजाराच्या आत. द्राक्षं महाराष्ट्रातली, म्हणजे नाशिक, अकलूज, बारामती या बाजूची. जिच्या घरी भिशी, तिने दोन बाटल्या आणायच्या. बाटली 750 मिलीची. आठजणींना 50 मिली दिली की 400 संपते, बाकीची जेवणाबरोबर. आणि घरी जाताना रिक्षा, स्कूटी नाही. रविवार पेठेतून एकसारखे सोळा ग्लास आणले, पोट मोठं आणि तोंड किंचित आत वळलेलं. वास वर साठतो तो त्या वळलेल्या तोंडामुळेच. फुलपात्रातून तो निसटतो.

आता परवाना. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, त्यामुळे प्यायला परवाना लागतो. 'परमिट रूम' हा शब्द आला तो तिथूनच, इतकी वर्षं पाट्या वाचून माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. दुकानदार एका दिवसाची चिठ्ठी फाडून देतो, पण दर महिन्याला कोण फाडत बसणार, म्हणून मी हजार रुपये भरून आजीवन परवाना काढला. परवाना आरोग्याच्या जतनासाठी असतो, हे कळल्यावर नवरा दोन दिवस मला "तब्येत कशी आहे?" असं विचारत होता.

दुकानाचीही गंमतच. पाटी 'वाइन शॉप'ची आणि आत व्हिस्की, रम, बिअर, व्होडका. वाइन सगळ्यात खालच्या फळीवर, धूळ झटकून घ्यायची. काउंटरवर घामट पुरुषांच्या रांगेत उभं राहून "दादा, शेनिन ब्लाँ आहे का?" विचारायचं, म्हणजे एक व्हाइट वाइन मागायची. जानेवारी 2022 मध्ये हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला होता. त्यावर एवढा गदारोळ झाला की तो प्रत्यक्षात आलाच नाही. बाजू दोन्हीकडच्या पटतात मला. पण त्या रांगेत उभं राहिलं की एकच पटते.

पहिली भिशी एप्रिलमध्ये, वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. रेड वाइन फ्रिजमध्ये ठेवायची नसते, खोलीच्या तापमानालाच प्यायची, असं सगळ्यांनी ऐकलेलं. उघडली. काढा! घशातून गरम गेली, नाकात नुसतं स्पिरिट. "रेड आपल्याला जमत नाही" असा ठराव तिथल्या तिथे पास झाला. खोलीचं तापमान म्हणजे युरोपातल्या जुन्या दगडी घराचं, सोळा ते अठरा अंश, हे नंतर समजलं. त्या संध्याकाळी आमच्या खोलीत पस्तीस होतं. पुण्याच्या उन्हाळ्यात रेडसुद्धा उघडायच्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये टाकावी लागते. व्हाइट चांगली दोन-तीन तास. या एका गोष्टीने आमचे जेवढे पैसे वाचले तेवढे कुठल्याच ऑफरने वाचले नसतील.

दुसरी बाटली त्याहून वाईट निघाली. दुकानाच्या काचेत, दुपारच्या उन्हात मांडलेल्या बाटल्यांतली मी हौसेने उचलली होती. बूच अर्धा सेंटिमीटर वर आलेलं, कडेला चिकट ओघळ. आत शिजलेल्या मोरांब्याची चव. तेव्हापासून काचेत मांडलेली बाटली घेत नाही. फिरकीच्या झाकणाची दिसली तर आधी ती. झाकण म्हणजे स्वस्त माल, हा समज सोडून द्यावा.

मे महिन्यात शब्दांचं भांडण झालं. बाटलीच्या मागे लिहिलेलं, गूसबेरी, सिगार बॉक्स, ब्लॅक करंट. आठजणींत सिगारची पेटी कोणी पाहिलेली नाही. एकीने शब्दकोशातून गूसबेरी म्हणजे आवळा असं काढलं, म्हणून आवळे आणले. आवळा चावायचा, घोट घ्यायचा. काही जुळेना. जुळणार कसं, युरोपातली गूसबेरी हे वेगळंच फळ, आवळ्याशी त्याचं नातं नाही. वर आवळ्याने तोंड असं तुरट झालं की पुढची बाटली पाण्यासारखी गोड लागली.

मग बाटलीवरचं वाचणंच बंद केलं. वहीत आपले शब्द लिहायला लागलो, आणि तेव्हा कुठे जीभ सुटली. तुरट हा शब्द आपल्याकडे तयारच आहे, सहा रसांपैकी एक. सुपारी, हिरडा, कच्चं केळं, जास्त उकळलेला कोरा चहा. रेड वाइनमधलं टॅनिन तेच करतं, लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं आणि तोंड कोरडं पडतं. ते जिभेला चव म्हणून कमी, दातांच्या हिरड्यांवर जास्त जाणवतं. आंबटपणाची खूण उलटी. घोट गिळून मान खाली घालायची आणि जिभेखाली पाणी किती लवकर सुटतं ते बघायचं. चिंच नुसती आठवली तरी सुटतं तसं. जाडी बघायची तर ताक आणि साय काढलेलं दूध यांतला फरक आठवायचा. शिराझ या रेड वाइनमध्ये एकीला मिरपूड आली, दुसरीला जांभूळ. दोघी बरोबर होत्या.

जुलैत भिशी माझ्याकडे होती. सासूबाई एकादशीचं निमित्त करून आतल्या खोलीत बसल्या होत्या. त्यांना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. मध्येच पाणी प्यायला बाहेर आल्या, टेबलाजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, "ढोबळी मिरची कशाला चिरलीत? वडे आहेत ना?"

ढोबळी मिरची घरातच नव्हती. टेबलावर कॅबरने सोव्हिन्याँ या द्राक्षाची रेड होती. ज्या द्रव्यामुळे ढोबळी मिरचीला तो वास येतो त्याच जातीचं द्रव्य या द्राक्षातही असतं, पायराझिन म्हणतात. द्राक्ष जरा कमी पिकलं की जास्त जाणवतं. आम्ही आठजणी वीस मिनिटं ग्लास फिरवत "काहीतरी हिरवं आहे" म्हणत बसलो होतो. मी ग्लास त्यांच्या नाकाशी धरला. "हेच की," म्हणाल्या, आणि पाणी पिऊन आत गेल्या.

फेब्रुवारीत नारायणगावला गेलो. आमच्यातल्या एकीचं माहेर तिथलं, भावाची द्राक्षबाग. ऐंशीच्या दशकात शॅम्पेनच्या पद्धतीने बुडबुड्यांची वाइन करून परदेशात पाठवायचा उद्योग शामराव चौगुल्यांनी सुरू केला तो याच नारायणगावात. तिच्या भावाकडे मात्र खायचीच द्राक्षं, पण वाइनची जातही त्याने पाहिली होती. "ती बारीक असते ताई, जाड सालीची, आत बिया. तुम्ही बाजारातून घेणार नाही." गोडी मोजायचं नळीसारखं यंत्र त्याने डोळ्याला लावून दाखवलं. खायच्या द्राक्षाला सतरा-अठरा ब्रिक्स आले की तो खूश. वाइनला बावीस ते चोवीस लागतात, कारण त्या साखरेचंच अल्कोहोल होतं. ब्रिक्सला साधारण 0.55 ने गुणायचं. तेवीस ब्रिक्स म्हणजे साडेबारा टक्क्यांच्या आसपास, लेबलावर असतं तेच. आमच्यातली बँकेतली बाई हिशेब जुळल्यावर इतकी खूश झाली की तिने बागेतच वही काढली.

त्याच्याकडूनच कळलं की आपल्याकडे वेलाला थंडीची झोप मिळत नाही. युरोपात वेल हिवाळ्यात निजतो, इथे सतत वाढत राहतो. म्हणून वर्षात दोनदा छाटायचा, एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळासाठी गोडी छाटणी. तिकडे वाइनची तोडणी पावसाळी शरदात, इकडे कोरड्या जानेवारी ते मार्चमध्ये. आमच्या वहीतलं हे एकच पान मी पुन्हा पुन्हा वाचते.

जेवणाचं थोडक्यात सांगते. मिसळ आणि शिराझ एकत्र आणू नका, तिखटाने टॅनिन कडू होतं आणि अल्कोहोल भाजतं. मिसळीला किंचित गोड, थंडगार शेनिन चालते. कोथिंबीर वडीला सोव्हिन्याँ ब्लाँ ही व्हाइट. खारे दाणे जवळजवळ कशालाही, कारण मिठाने तुरटपणा बोथट होतो. पुरणपोळीबरोबर कोरडी, म्हणजे गोड नसलेली वाइन घेतली तर ती व्हिनेगरसारखी लागते. पदार्थ वाइनपेक्षा गोड असू नये. मटणाबरोबर रेड कशी लागते ते दोघींनाच माहीत, बाकीच्या आम्ही शाकाहारी.

वर्ष संपताना परीक्षा ठेवली. प्रत्येकीसमोर तीन ग्लास, दोघांत एकच वाइन, तिसऱ्यात वेगळी. बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळलेलं. दोन्ही शिराझ, एक सातशेची, एक साडेनऊशेची. वेगळा ग्लास ओळखायचा. मी पहिल्याच फेरीत मधला उचलला आणि भाषण केलं, "हा जड आहे, याचा वास उग्र, ही महागाची." कागद काढला तर मधला आणि डावीकडचा एकाच बाटलीतले. मधला फक्त आधी ओतून पंख्याखाली ठेवलेला, कोमट झालेला. आठजणींत तिघींचं बरोबर आलं. आम्ही टाळ्या वाजवणार, एवढ्यात बँकेतली म्हणाली, "डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी दोघी-तिघींचं आलं असतं गं." पुढच्या महिन्यात तिन्ही ग्लास एकाच वेळी फ्रिजमधून काढले, तेव्हा सहाजणींना जमलं. मी त्या सहात होते. पण जास्त आवडली कुठली असं विचारल्यावर मत चार-चार फुटलं, महागाचीच्या बाजूने काही कौल लागला नाही.

गेल्या महिन्यात भिशी पुन्हा माझ्याकडे आली. बुचाची रेड होती, आठशे चाळीसची. मी उघडली, वास घेतला, बरी वाटली. बाकीच्यांनाही. सासूबाई सोफ्यावर पेपर वाचत होत्या, आता आत जाऊन बसत नाहीत. मी ग्लास नेऊन दिला.

"पावसाळ्यात माळ्यावरचे पुठ्ठे भिजले होते ना आपले," त्या म्हणाल्या, "तसा येतोय."

सगळ्यांनी पुन्हा हुंगलं आणि मग कोणालाच दुसरं काही येईना. बुचातल्या बुरशीमुळे वाइन अशी बिघडते हे वाचलं होतं, भेटली पहिल्यांदाच. दुकानदार उघडलेली बाटली परत घेईना. मोरीत ओतली. आठशे चाळीस रुपये वाहून जाताना सासूबाई दारात उभ्या होत्या. "पुढच्या वेळी आणायला जाशील तेव्हा मला ने बरोबर," म्हणाल्या. बंद बाटलीचा वास कसा घेणार, हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांचा परवाना काढलेला नाही, वास घ्यायला लागत नसावा.