कुळागरातला धागा

शुक्रवार, रात्री साडेदहा.

सकाळपासून कोसळतोय. म्हापशाच्या बाजाराला जायचा बेत होता, पण बसथांब्यापर्यंतच छत्री उलटी झाली आणि मी मुकाट घरी परतलो. बरंच झालं. तीन आठवडे टाळत असलेलं काम आज हातावेगळं झालं. थिओडोलाइटला, म्हणजे जमीन मोजताना कोन मोजायच्या दुर्बिणीच्या यंत्राला, डोळा बसला.

हा थिओडोलाइट मिळाला साखळीच्या वाटेवरच्या एका भंगारवाल्याकडे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि आमच्या डिचोली तालुक्यातल्या खाणी थंडावल्या. दारात गंजणारे ट्रक सगळ्यांनीच पाहिले. कचेऱ्यांतलं सामान कुठे गेलं, ते मात्र भंगाराचे अड्डे हुंगत फिरणाऱ्या माझ्यासारख्यालाच दिसलं. नकाशांच्या नळ्या, मोडक्या तिवया, आणि एका कोपऱ्यात ही पेटी. भंगारवाल्याने यंत्र बाहेर काढून पितळेच्या भावाने तोललं आणि "बाब, पेटी अशीच घेऊन जा" असा वर उपकार केला. हसावं की रडावं कळेना. पैसे देऊन निघालो.

तबकडीवर नाव आहे कुक, ट्रॉटन अँड सिम्स, यॉर्क. कुक हे एक आणि ट्रॉटन अँड सिम्स हे दुसरं, अशी ही दोन जुनी घराणी १९२२ साली एकत्र आली, म्हणजे यंत्र त्याआधीचं नाही. नावावरून एवढं वय काढायला मी शिकलो तो ठेच खाऊनच. छंदाच्या पहिल्या वर्षी किनाऱ्यावरच्या एका दुकानातून सेक्स्टंट घेतला होता, जहाजावरून सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचं यंत्र. झळझळीत पितळ, वर कोरलेलं 'केल्विन अँड ह्यूजेस, लंडन, १९१७'. घरी येऊन वाचत बसलो तेव्हा कळलं, की केल्विन आणि ह्यूजेस ही नावं जोडली गेली तीच मुळी १९४०च्या दशकात. सूर्य क्षितिजावर टेकवायला गेलो तर आरसाच डुगडुगत होता. असला शोभेचा माल रुडकीत ढिगाने बनतो. त्याच गावात सर्वेची खरीखुरी उपकरणंही बनत आली आहेत, तेव्हा कारागिरांना मी नावं ठेवत नाही. ठेवायची तर १९१७ सांगून विकणाऱ्याला. आणि थोडी मला. हल्ली त्या सेक्स्टंटला विजेची बिलं अडकवलेली असतात.

जुन्या पितळेचा खरा जीव त्याच्या लाखेत असतो, हेही उशिरा कळलं. कारखान्यातून निघताना पितळेवर लाखेचा पातळ मधाळ थर देत. तो शाबूत असला की संग्राहकाचे डोळे लकाकतात. माझ्याकडच्या लाइट्झच्या मायक्रोस्कोपवर तो बराचसा शाबूत होता. गेल्या चतुर्थीच्या साफसफाईत आईने समया, तांब्या, घंटा यांच्याबरोबर त्याची नळीही सोलांच्या पाण्यात बुडवली आणि राखेने घासली. संध्याकाळी मी घरी आलो तर मायक्रोस्कोप देवघरातल्यासारखा चमकत होता. "किती वर्षांची घाण होती रे त्याच्यावर," आई म्हणाली. मी आत जाऊन चहा प्यालो. भिंगं तिने काढून बाजूला ठेवली होती, एवढं नशीब. तशीही आमच्या हवेत भिंगांचा वैरी वेगळाच. चार दिवस कपाट उघडलं नाही, की काचेवर बुरशीचे तंतू पसरतात आणि वेळीच पुसले नाहीत तर काचेवर कायमचा चरा सोडून जातात. म्हणून माझी भिंगं पावसाळाभर फरसाणाच्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत नांदतात.

तर थिओडोलाइट. भिंगं स्वच्छ, पाणसळीतला बुडबुडा जिवंत, चकत्या लोण्यासारख्या फिरतात. पण दुर्बिणीत डोळा लावला की नुसता गोल उजेड. क्रॉस हेअर, म्हणजे नेम धरायची मधली बारीक धाग्यांची फुली, तुटलेले. त्या फुलीशिवाय थिओडोलाइट म्हणजे काट्याशिवायचं घड्याळ: सगळं दिसतं, मोजता काहीच येत नाही.

जुन्या यंत्रांत ही फुली कोळ्याच्या धाग्याची असे. माणसाचा केस इथे चालत नाही. डोळ्याजवळचं भिंग त्याला इतकं मोठं करतं, की दूरची खूण त्या दोरखंडामागे लपूनच जाते. सतराव्या शतकात इंग्लंडात विल्यम गॅस्कॉइनच्या दुर्बिणीत एका कोळ्याने आपणहून धागा ओढला आणि तो भिंगातून स्वच्छ दिसला, तिथून ही युक्ती निघाली म्हणतात. कोळिष्टकं काढून काढून दमलेल्या घराला हे पटवणं कठीण आहे.

आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पावसाळ्यात पोफळींच्या मधे तळहाताएवढा कोळी जाळं लावतो. ऊन पडलं की जाळं सोनेरी दिसतं. दुपारी पाऊस जरा थांबला तसा गेलो. पहिला धागा घेतला तो जाळ्याच्या गोल फेऱ्यांतला. आणून पाहतो तर मणी ओवल्यासारखे चिकट थेंब. फेऱ्यांचा धागा किडे अडकवण्यासाठी चिकट असतो हे मी दरवर्षी नववीच्या पोरांना सांगतो, आणि तरी तोच उचलला. पुन्हा गेलो. मोठ्याला हात लावायची छाती नव्हती. नखाएवढं एक पिल्लू काडीवर घेतलं आणि काडी हलकेच झटकली. ते खाली उतरताना मागे सोडतं तो धागा साधा, बिनचिकट. हेअरपिनसारख्या वाकवलेल्या तारेवर तो गुंडाळत गेलो. पिल्लू बिचारं उतरतच राहिलं.

घरी खिडकीशी बसलो. चार स्क्रू सैल करून फुलीची कडी दुर्बिणीतून बाहेर काढली. तिच्यावर धागा कुठे बसवायचा त्याच्या बारीक रेघा कोरलेल्याच असतात. धागा ओलसर केला, किंचित ताणून रेघेत ठेवला आणि टोकांवर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा ठिपका. पहिला तुटला. दुसरा माझ्या श्वासाने उडाला. तिसऱ्याच्या वेळी बायकोने पंखा लावला. पाचवा आणि सहावा बसले.

संग्राहकांत एक पंथ आहे, तो म्हणेल की तुटलेलं तसंच ठेवायचं होतंस, मूळपण गेलं. लाखेच्या बाबतीत मी त्याच पंथाचा. पण धागा हा या यंत्रात नेहमीच बदलायचा भाग होता, समईतल्या वातीसारखा. आणि सर्वेच्या मोठ्या माणसांनीही यंत्र हळद-कुंकू लावून ठेवलं नव्हतं. हिंदुस्थानची मोठी मोजणी सुरू करणाऱ्या विल्यम लॅम्ब्टनचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट १८०८ साली तंजावरच्या गोपुरावर चढवताना भिंतीवर आदळला, कोन मोजायची चकती वाकली. त्याने तंबूत बसून सहा आठवडे ठोकठोक करून ती सरळ केली आणि त्यावरच पुढे वर्षानुवर्षं देश मोजला. पुढे त्याच्यामागून मोजणी चालवणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टची यंत्रं सांभाळायला अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन होते. त्यांच्या हातांचं नाव तबकडीवर नसतं. संग्रह करताना मला आताशा तबकडीपेक्षा असल्या हातांच्या खुणाच जास्त शोधाव्याशा वाटतात. याच यंत्राच्या एका स्क्रूचा माथा कुणीतरी कानशीने नवा घडवलाय. खाणीवरचाच कोणी असणार.

दिवेलागणीच्या आधी घरापुढच्या बलकांवात थिओडोलाइट तिवईवर चढवला. ही दुर्बीण उलटं दाखवते. प्रतिमा सुलटी करायला जादा भिंगं लागतात आणि ती उजेड खातात, म्हणून त्या काळी सर्वेवाले उलट्या जगाचीच सवय करून घेत. आईला बोलावलं. तिने डोळा लावला आणि बराच वेळ हटली नाही.

"पाऊस वर चाललाय," ती म्हणाली.

मग मी पाहिलं. शेजाऱ्यांची कौलं खाली, पोफळी आभाळातून लोंबलेल्या, आणि मधोमध काळी, केसाहूनही बारीक फुली. पोफळीच्या खोडाशी उभा धागा जुळवला तर वरच्या टोकाला किंचित सुटतो. धागा तिरका बसलाय की पोफळच कलली आहे, ते अंधार पडल्याने ठरवता आलं नाही. उद्या ओळंबा टांगून पाहतो.