मेंढरांचा आवाज

मी वीस वर्षं वर्दीत काढली. हुकूम आल्यावर ‘नाही’ म्हणायची सोय नसते, हे अंगवळणी पडलेलं. म्हणूनच पहिल्या महायुद्धातले, १९१७ सालचे फ्रेंच शिपाई माझ्या मनातून जात नाहीत. फ्रान्समधल्या शमँ दे दाम या टेकड्यांवर जर्मनांविरुद्ध केलेल्या चढाईत हजारो माणसं मातीत गेली, आणि आघाडीकडे निघालेल्या काही तुकड्या मेंढरांसारखं ‘बें बें’ ओरडत चालल्या. शब्द एकही नाही! पुढे अनेकांनी स्पष्ट सांगितलं: खंदक राखू, पण असल्या हल्ल्यात पुन्हा उतरणार नाही. पळून जाणं वेगळं, हे वेगळं. ५००हून जास्त जणांना मृत्युदंड सुनावला गेला. ५०हून कमी अमलात आले. सेनापती पेतँ यांनी रजा वाढवल्या, जेवण सुधारलं. मागणं रास्त होतं, तरी काहींना गोळ्या घातल्याच. ते मला आजही सहन होत नाही.