टोपीखालचं डोकं

माणूस हयात नाही आणि फोटो एकच, तोही समोरून काढलेला. अर्धपुतळ्याची कामं बहुतेक अशीच येतात. नाक किती लांब आहे ते फोटोत दिसतं, किती पुढे आलंय ते दिसत नाही. कपाळ सरळ की मागे गेलेलं, हनुवटी आत की बाहेर, मान खांद्यातून कशी निघते, यातलं काहीच तो कागद सांगत नाही. पुतळा मात्र लोक चहूबाजूंनी बघणार. म्हणून काम घेताना मी आधी लग्नाचा अल्बम मागवतो. कॅमेऱ्याकडे लक्ष नसलेला माणूस तिथे हमखास सापडतो: पंगतीत वाढताना, कुणाच्या तरी पाया पडताना, मांडवाच्या खांबाला टेकून उभा असलेला.

किल्लारी भागातल्या त्या गावाच्या कामात अल्बमच नव्हता. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात पहाटे चार वाजायच्या आत सगळं संपलं होतं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून लोक नुकते निजलेले. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी आपल्याकडची घरं. ती जागच्या जागी बसली. जवळपास 10 हजार माणसं गेली, 52 गावं उद्ध्वस्त झाली. त्यांतच हे गुरुजी गेले. आज त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं साठीकडे झुकलीत. कुणी पुण्यात, कुणी लातुरात, कुणी अजून शेतीत. त्यांनी वर्गणी काढून नव्या गावठाणातल्या शाळेत गुरुजींचा पुतळा बसवायचं ठरवलं आणि माझ्याकडे आले. हातात एक फोटो होता, कुठल्याशा ओळखपत्रावरचा, अंगठ्याएवढा. डोक्यावर गांधी टोपी.

मी मूळचा शिल्पकार नव्हे. लातूरच्या मोंढ्यात आमची अडत. तूर, हरभरा, पुढे सोयाबीन. वडिलांच्या काळात रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून सौदे व्हायचे. मी ते लहानपणी पाहिलंय. तोंडातून अवाक्षर नाही आणि भाव ठरलेला. मला त्या हातांचं फार वेड होतं. दुकानाच्या वहीच्या मागच्या पानांवर मी शेतकऱ्यांचे, हमालांचे हात काढायचो. पन्नाशी ओलांडल्यावर दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि सोलापूरच्या बाजूला एका शिल्पकाराकडे माती मळायला लागलो. घरात कुणाला ते पटलं नव्हतं, मोंढ्यात तर नाहीच. पण धंद्यातला पैसा गाठीशी होता, मुलं हाताशी आली होती. त्या जोरावर मी शिकू शकलो. विशीतल्या पोराला हे कसं जमावं, हा प्रश्न मला आजही सतावतो. आमच्या भागातली हाताला जाण असलेली किती मुलं गणपतीच्या कारखान्यात हंगामी मजुरीवर अडकून पडतात, ते मी रोज बघतो.

तर गुरुजींचं काम. प्रौढ माणसाच्या डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर साधारण 6 ते साडेसहा सेंटिमीटर असतं. ते धरून फोटोतली बाकीची मापं काढता येतात. रक्ताच्या नात्यातलं कुणी असेल तर त्यांचं डोकं कॅलिपरने मोजतो. गुरुजींची धाकटी बहीण औशाकडे दिलेली, म्हणून वाचलेली. आता ऐंशीच्या पुढे. त्यांनी पदर मागे घेऊन कान मोजू दिले. तेवढ्या आधारावर सांगाडा उभा केला. लोखंडी सळई, त्यावर लाकडी फुल्या टांगलेल्या, म्हणजे ओली माती वजनाने खाली घसरत नाही. मानेत मी नेहमी नळीत नळी बसवतो, डोकं थोडंफार फिरतं राहावं म्हणून. माप सव्वापट. उघड्यावर, चौथऱ्यावर ठेवलेला पुतळा माणसाएवढाच केला तर खुजा दिसतो.

उन्हाळ्याचे दिवस होते. लातूरच्या उन्हात शाडू तासाभरात तडकते. ओलं फडकं, वर प्लास्टिक, पुन्हा फडकं. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने आपल्याला प्यायचं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात मी माती भिजवायला घरात पाणी मागत नव्हतो. तेव्हापासूनची सवय आहे, फडकी पिळलेलं पाणीसुद्धा बादलीत परत जातं.

मातीचं काम पुरं होत आलं की लोकांना बोलावतो. साच्यात जाण्याआधी काय ते सांगा, नंतर फरक करता येत नाही. सार्वजनिक जागेतल्या पुतळ्याला कला संचालनालयाची मान्यता लागते, तीही याच मातीवर. त्या दिवशी एक जीप भरून मंडळी आली. बहीण, तिचा नातू, जुने विद्यार्थी आणि सगळ्यांत शेवटी, पायऱ्यांवरच थांबलेले एक म्हातारे गृहस्थ, काखेत पिशवी. गावचे न्हावी. सगळे त्यांना मामा म्हणत होते.

मी फडकी काढली. बराच वेळ कुणी बोललं नाही, मग सगळे एकदम बोलू लागले. नाक जरा बसकं पाहिजे. मिशी एवढी दाट नव्हती. डोळे जरा मोठे. अनुभवाने सांगतो, लोक नाक म्हणतात तेव्हा नाक बहुतेक बरोबर असतं. माणूस ओळखीचा वाटत नाही एवढं त्यांना कळतं, ते कशामुळे हे सांगता येत नाही आणि बोट नाकावर जातं. खरी गोम गालाच्या हाडात असते, नाहीतर डोकं मानेवर कसं बसलंय त्यात. एक विद्यार्थी, बँकेतून निवृत्त झालेले, शेवटी म्हणाले, ‘‘सगळं बरोबर आहे हो. फक्त गुरुजी नाहीत.’’

मला तेच ऐकायचं होतं. कुठे काय कमी आहे हे शोधायलाच तर बोलावलं होतं.

मामा अजून दारातच. मी खुर्ची दिली, ते बसले नाहीत. म्हणाले, ‘‘टोपी काढता येती का?’’

‘‘मातीची आहे मामा, अख्खी एक आहे.’’

‘‘काढा की. मी गुरुजींना टोपीत लई कमी बघितलंय.’’

दर पंधरा दिवसांनी गुरुजींचं डोकं त्यांच्या गुडघ्यापाशी असायचं. वीस-बावीस वर्षं. गुरुजी बारीक केस ठेवायचे, मानेवर वस्तरा. गावात सगळ्यांनी टोपी पाहिली होती, टोपीखालचं डोकं फक्त यांनी. मी तार घेतली आणि टोपी कापून बाजूला ठेवली. खाली नुसता मातीचा गोळा. दोन मुठी माती घालून कवटीचा अंदाजे आकार दिला आणि म्हणालो, ‘‘हात लावून बघा.’’

त्यांनी हात मागे घेतला. त्या रात्री मामा शेतात निजायला गेले होते म्हणून राहिले, आणि उजाडल्यापासून गुरुजींच्या वाड्याचा ढिगारा उपसणाऱ्यांत ते होते. हे मला बहिणीच्या नातवाने नंतर सांगितलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की वस्तऱ्यावर आयुष्य काढलेला हात मातीपासून वीतभर अंतरावर थांबलाय. मी काही बोललो नाही. बहीणच म्हणाली, ‘‘लाव रे. तुझ्याबिगर कुणाला ठावं हाय.’’

मग त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही तळवे कवटीवर ठेवले. अंगठे कानांमागे, बोटं टाळूवर. न्हावी डोकं वळवायला धरतो तसं. मी शरीररचना पुस्तकातून आणि प्लास्टरच्या कवट्यांवरून शिकलो, पण असं वाचन मी पाहिलं नव्हतं. ‘‘मागून सपाट होतं,’’ ते म्हणाले. ‘‘लहानपणी उताणंच निजवलं आसंल. हितं एवढी माती नको. डाव्या कानामागचं हाड वर, हितं वस्तरा जपून न्यावा लागायचा. टाळू अशी चढती.’’ ते सांगत होते, मी मागून काढत होतो, वर घालत होतो. ते पुन्हा हात ठेवायचे. न्याहाळायचं नाही, फक्त हात. मागचं डोकं सपाट झालं तसा चेहरा समोरून रुंद वाटू लागला, आणि नाकाला कुणी हात न लावता नाक बसकं दिसायला लागलं.

तरी डोकं सरळच होतं. फोटोतलं, ओळखपत्रावरचं. मामांनी दोन्ही हातांनी ते हलकेच उजवीकडे वळवू पाहिलं. ‘‘ह्यो कान माझ्याकडं आसायचा. डावा. उजव्यानं कमी ऐकू यायचं. मी बोलायलो की मान अशी करायचे, वस्तरा चालू आसला तरी. मी म्हणायचो, गुरुजी, हलू नका.’’

नळीत नळी होती. मानेभोवती तार फिरवून माती मोकळी केली, डोकं थोडं उजवीकडे फिरवलं आणि किंचित कलवलं. मानेतला डाव्या बाजूचा मोठा स्नायू, कानामागून गळ्याच्या खाचेपर्यंत येतो तो, ताणून वर आणला. सगळं मिळून बोटभर फरक. बँकेतले गृहस्थ उठून उभे राहिले. वर्गात मास्तर आल्यावर उठतात तसे. बहीण पुढे आली, कॅलिपरने मी मोजला होता तो आपलाच कान चाचपत म्हणाली, ‘‘आता ऐकायलाय बघा.’’

पण काम तिथेच संपलं नाही, वाद झाला. दोघा-तिघांचं म्हणणं, पुतळा सरळच पाहिजे, मान वाकडी बरी दिसत नाही, लोक काय म्हणतील. असा आग्रह मी प्रत्येक कामात ऐकतो. आपल्याकडे पुतळा म्हटला की छाती पुढे, नजर दूर. देव आणि सेनापती यांच्यासाठी ते ठीक आहे. शाळेतला मास्तर मुलांचं ऐकताना जसा होता तसाच राहिला पाहिजे, हे मी स्पष्ट सांगितलं. सरळ हवा असेल तर दुसऱ्याकडून करून घ्या, घेतलेली उचल परत करतो, असंही म्हणालो. मोंढ्यात असतो तर गिऱ्हाईक तुटेल म्हणून गप्प बसलो असतो. शेवटी मामांना विचारलं गेलं. त्यांनी एवढंच सांगितलं की गुरुजी सरळ बसलेले त्यांनी कधी बघितले नाहीत.

टोपी पुन्हा घातली. या वेळी ती मागे सपाट आणि डावीकडे हाडावर टेकलेली बसली. पुढचं काम नेहमीचं: साचा, त्यात पाच मिलिमीटर जाडीचं मेण, मग भट्टी. मेण वितळून निघून जातं आणि त्या पोकळीत कांस्य ओतलं जातं: 85 टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी 5. ओतकाम झाल्यावर छिन्नीकामाला मी स्वतः बसलो, कानामागची ती जागा कारागिराच्या हाती द्यायची नव्हती. चौथरा बसवताना एक बदल करायला लावला. पुतळा फाटकाकडे तोंड करून नाही, थोडा तिरका बसवला, म्हणजे डावा कान वर्गांच्या बाजूला येतो.

त्यानंतर काम घेताना माझी चौकशी बदलली. फोटो मागतोच, पण त्याआधी विचारतो, यांचे केस कोण कापायचं, कपडे कोण शिवायचं, चपला कुणाकडून व्हायच्या. आत्ता उदगीरकडच्या एका पैलवानाचं पूर्णाकृती काम आलंय. फोटो बरेच आहेत, सगळे छाती फुगवून काढलेले. त्यांचे शिंपी हयात आहेत आणि जुन्या मापांची वही त्यांनी ठेवलीय म्हणे: छाती, गळा, दंड, खांदा. येत्या बाजारच्या दिवशी त्यांच्याकडे जाणार आहे.